रात्रीचा हिशोब आधी, प्लेट नंतर

शेतातल्या खोलीत पहिल्यांदा सोलरचा बल्ब लागला तेव्हा अम्मांनी विचारलं होतं, "रात्री सूरज नसतो, मग हा जळतो कशावर?" आम्ही हसून म्हणालो, "बॅटरीवर, अम्मा." दोघंही शाळेत शिकवतो, पण तो प्रश्न आम्ही नीट ऐकला नाही. ऐकला असता तर चौदा हजार रुपये वाचले असते आणि ऑगस्टमधली ती एक रात्रही.

अम्मांची खोली आटपाडीपासून तीनेक किलोमीटरवर, डाळिंबाच्या बागेच्या कडेला आहे. दहा बाय चौदा फूट, वर पत्रा, पुढे ओसरी. अब्बांच्या इंतकालानंतर अम्मांनी गावात यायला साफ नकार दिला. त्या, धाकटा भाऊ, भाभी आणि आता दहावीत असलेली पुतणी असे चौघे तिथे राहतात. आम्ही नोकरीमुळे गावात राहतो आणि रविवारी तिकडे जातो. सर्वांत जवळचा विजेचा खांब ओढ्याच्या पलीकडे आहे. जोडणीचा अर्ज केलेला आहे. खांब येतील तेव्हा येतील.

अशा खोल्या आपल्या तालुक्यात आता जागोजागी दिसतात. कराडजवळच्या टेंभूहून उचललेलं कृष्णेचं पाणी इकडे आलं, तशी डाळिंबं वाढली, आणि डाळिंब म्हटलं की माणूस रानात हवाच. कधी फवारणी, कधी राखण. म्हणून लोक रानात राहायला गेले. तसं एका खोलीचं घर आटपाडीला नवं नाही. औंध संस्थानाने १९३९ साली इथे स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभारली, तेव्हा कैदीसुद्धा भिंतीशिवायच्या त्या वसाहतीत राहून शेती करत होते. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' त्याच प्रयोगावरून सुचला. पण आपला विषय विजेचा आहे.

आमची पहिली चूक सांगतो, कारण ती घरोघरी होते. २०२४ मध्ये रमजान मार्चच्या मध्यावर सुरू होणार होता. सेहरीला अंधारात चूल पेटवणाऱ्या भाभींची दया येऊन आम्ही घाईने दुकानात गेलो. "एका खोलीचं घर आहे, काय लागेल?" एवढंच विचारलं. दुकानदाराने १०० वॅटची प्लेट, मोटारीची ७५ अँपिअर-अवरची बॅटरी आणि एक स्वस्त इन्व्हर्टर पुढे ठेवला. "सगळं चालेल," म्हणाला. आम्ही काय काय चालवणार आहोत हे त्याने विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. घरी जुना छताचा पंखा होता तो लावला, छोटा टीव्ही लावला, दोन बल्ब लावले. पहिले दहा-बारा रोजे थाटात गेले. मग पहाटे साडेतीनलाच इन्व्हर्टर ओरडायला लागला.

पाचवीच्या मुलाला जमेल असं गणित आम्ही केलं नव्हतं. वॅटला तासांनी गुणलं की वॅट-तास मिळतात, आणि १,००० वॅट-तास म्हणजे वीजबिलातलं एक युनिट. जुना पंखा ७५ वॅटचा. रात्री दहा तास चालला की ७५० वॅट-तास खातो. टीव्ही ४० वॅट, तीन तास, १२०. बल्ब आणि मोबाइल धरले की खर्च हजाराच्या आसपास. आणि जमा? आपल्या भागात स्वच्छ दिवशी भर उन्हाचे पाचेक तास धरतात. १०० वॅटची प्लेट म्हणजे ५०० वॅट-तास. त्यातून तापलेली काच, धूळ आणि वायर यांची घट काढली की पाऊणपट, म्हणजे ३७५. जमा ३७५ आणि खर्च १,०००. असं घर किती दिवस चालणार?

बॅटरीचं तर आणखी वाईट झालं. मोटारीची बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी क्षणभर मोठा करंट देते आणि लगेच पुन्हा भरली जाते. तिला रोज रात्री तळापर्यंत रिकामं करणं म्हणजे तिला मारणंच. ती आठ महिन्यांत मेली. त्याआधी ऑगस्ट आला.

आटपाडीच्या माणसाला पर्जन्यछाया पुस्तकातून शिकावी लागत नाही. पावसाळ्यात इथे ढग दिवसचे दिवस दाटलेले असतात, वारा भणाणत असतो आणि पाऊस मात्र पडत नाही. शेताला पाणी नाही आणि प्लेटला ऊनही नाही, असे ते दिवस. अम्मांना दम्याचा त्रास आहे. रात्री दोनच्या सुमारास त्यांना धाप लागली, भावाने नेब्युलायझर लावला, आणि तीन-चार मिनिटांत इन्व्हर्टर बंद पडला. मोबाइलच्या उजेडात त्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागून भाभींनी धरून, गावात दवाखान्यात आणलं. अल्हम्दुलिल्लाह, सकाळपर्यंत त्या सावरल्या. डॉक्टरांनी आम्हाला एकच गोष्ट बजावली: स्पेसर लावलेला इनहेलर उशाशी ठेवा, औषध विजेवर अवलंबून ठेवू नका. सोलर कितीही चांगलं बसवलं तरी हा सल्ला पहिला, हे कुणाच्या घरी असा रुग्ण असेल तर लक्षात ठेवावं.

त्यानंतर आम्ही सरळ वही घेतली. या वेळी प्लेटपासून नव्हे, अम्मांच्या रात्रीपासून सुरुवात केली. मगरीबपासून फजरपर्यंत या खोलीत काय काय लागतं, आणि त्यातलं काय बंद पडलं तर चालणार नाही, हे चौघांना विचारून लिहिलं. अम्मांनी पहिलं नाव ओसरीच्या दिव्याचं घेतलं. आम्हाला वाटलं होतं नेब्युलायझरचं घेतील. पण रात्री वुजूला किंवा बाहेर जायला उठावं लागतं, आणि रानात साप-विंचू असतात. पुतणीने अभ्यासाचा दिवा सांगितला. भाभींनी मिक्सर सांगितला; तो तूर्त बाजूला ठेवला. भावाने टीव्ही म्हटलं आणि अम्मांकडे बघून स्वतःच खोडलं.

यादी अशी झाली. आतले दोन ९ वॅटचे एलईडी बल्ब, पाच-पाच तास, म्हणजे ९० वॅट-तास. ओसरीचा ५ वॅटचा दिवा रात्रभर, दहा तास, ५०. तीन मोबाइल मिळून ४५. नेब्युलायझर १५० वॅटचा, पण एका वेळी दहा मिनिटं. वाईट दिवशी तीनदा धरला तरी अर्धा तास, ७५. राहिला पंखा. इथे आम्ही जुना पंखा काढून बीएलडीसी मोटारीचा ३० वॅटचा आणला. तोच वारा, दहा तासांचे ३०० वॅट-तास. एका पंख्याने रोजचे ४५० वाचले. तीन हजारांचा पंखा घेतल्यामुळे प्लेट आणि बॅटरीवरचे कितीतरी हजार कमी झाले, हे आम्ही ज्याला त्याला सांगत असतो. सोलर घ्यायचं ठरलं की पहिली खरेदी प्लेटची नाही, पंख्याची आणि बल्बची करावी.

बेरीज ५६०. इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो, वायरमध्ये थोडी जाते, म्हणून सव्वापट धरली: ७०० वॅट-तास, दिवसाला पाऊण युनिटही नाही. गावातल्या आमच्या घरी एवढं फ्रिज आणि गिझरलाच पुरत नाही. रानातल्या खोलीत चौघांची रात्र त्यात निघते.

आता प्लेट. स्वच्छ दिवसाच्या पाच तासांवर हिशोब केला तर ७०० भागिले ५, म्हणजे १४० वॅट, घट धरून १९० पर्यंत. दुकानात हाच आकडा सांगतात. पण आमची परीक्षा ऑगस्टमध्ये असते, एप्रिलमध्ये नाही. म्हणून भर उन्हाचे तीनच तास धरले. ७०० भागिले ३, घट धरून सुमारे ३१० वॅट. १६५ वॅटच्या दोन प्लेट घेतल्या, ३३० झाले. उन्हाळ्यात त्या गरजेपेक्षा जास्त देतात, मग बॅटरी दुपारीच भरते आणि बाकीचं ऊन वाया जातं. जाऊ द्यावं.

बॅटरीबद्दल दोन मतं होती. ट्यूब्युलर बॅटरी ओळखीची आणि स्वस्त, पण तिची निम्मीच वीज वापरावी, नाहीतर आयुष्य घटतं. तिला डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून झोपायच्या बंद खोलीत ती ठेवू नये. आमच्याकडे तर एकच खोली. म्हणून लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची घेतली. १,२८० वॅट-तास, त्यातले ८० टक्के निर्धास्त वापरता येतात, म्हणजे १,०२४. दोन रात्री ऊन नाही असं धरलं आणि दुसऱ्या रात्री पंखा बंद ठेवायचा ठरवलं, तर पहिल्या रात्रीचे ५६० आणि दुसरीचे २६०, मिळून ८२०. सव्वापट केले की १,०२५. एका वॅट-तासाने चुकलं, असं पुतणी म्हणाली. तिला गणितात पैकीच्या पैकी हवे असतात.

दोन प्लेट आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर असतो. इथे स्वस्त वस्तू घेऊन लोक फसतात. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर प्लेटला बॅटरीच्याच व्होल्टवर ओढून आणतो. घराच्या छतावर बसतात तसली मोठी, पस्तीस-चाळीस व्होल्टची एक प्लेट स्वस्तात मिळाली म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीला अशा कंट्रोलरने जोडली, तर निम्म्याहून जास्त वीज मिळतच नाही, आणि माणूस प्लेटला दोष देत बसतो. एमपीपीटी कंट्रोलर जादा व्होल्टचं रूपांतर करंटमध्ये करतो. आम्ही ३० अँपिअरचा एमपीपीटी घेतला आणि दोन्ही प्लेट एकामागे एक जोडल्या. व्होल्ट दुप्पट, करंट तेवढाच, त्यामुळे वायरमधली घट कमी. कंट्रोलरवर कमाल किती व्होल्ट चालतात ते लिहिलेलं असतं. प्लेटच्या मागच्या कागदावरचा 'ओपन सर्किट' आकडा दोघींचा मिळून त्याच्या बराच खाली हवा, कारण थंडीत सकाळी तो वाढतो. आणि कंट्रोलरमध्ये बॅटरीचा प्रकार लिथियम असा निवडायला विसरू नये.

इन्व्हर्टर ६०० व्हीएचा, प्युअर साइन वेव्ह. जुन्या स्वस्त इन्व्हर्टरवर नेब्युलायझर गुरगुरायचा आणि गरम व्हायचा. याच्यावर शांत चालतो. बॅटरी ते इन्व्हर्टर ही वायर सर्वांत जाड आणि सर्वांत आखूड हवी. बारा व्होल्टवर चाळीस-पन्नास अँपिअर जाऊ शकतात, घरातली नेहमीची वायर तिथे वितळेल. आम्ही १६ चौरस मिलिमीटरची, एक मीटरहून कमी लांबीची वापरली, आणि बॅटरीच्या धन टोकाला लागूनच ६० अँपिअरचा फ्यूज. प्लेटकडून येणाऱ्या वायरला डीसीचाच एमसीबी लावावा. घरातला एसीचा एमसीबी डीसीची ठिणगी विझवेलच असं नाही. जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी आणि मग प्लेट, काढताना उलट. ही कामं जाणत्या वायरमनकडून करून घ्यावीत. आम्ही सगळी जोडणी कागदावर काढून दिली आणि जवळ उभे राहिलो, त्याला थोडा रागही आला.

प्लेट पत्र्यावर बसवल्या नाहीत. वळवाच्या वाऱ्यात इथे पत्रेच उडतात. मोरीच्या मागे काँक्रीटमध्ये लोखंडी पाइप रोवून त्यावर सांगाडा केला, शेळी चढणार नाही एवढा उंच. सांगाड्याला अर्थिंग दिलं, कारण एप्रिल-मे महिन्यांतल्या विजा रानात काय करतात ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

दिशा अम्मांनी सांगितली. प्लेटचं तोंड दक्षिणेला हवं. भाऊ मोबाइलमधलं होकायंत्र फिरवत बसला होता, ते लोखंडाजवळ भलतंच दाखवत होतं. अम्मा म्हणाल्या, "जानमाजवर उभा राहा, तुझा डावा हात जिकडे तिकडे दक्षिण." आपल्याकडून किबला पश्चिमेच्या किंचित उत्तरेला येतो, तेव्हा दहाएक अंशांचा फरक पडतो, प्लेटला त्याने काही बिघडत नाही. उतार आपल्या अक्षांशाएवढा, म्हणजे सतरा-अठरा अंश. पुतणीने कंपासपेटीतला कोनमापक आणि दोऱ्याला बांधलेली चावी घेऊन तो मोजला. दीड मीटरच्या प्लेटचं वरचं टोक खालच्या टोकापेक्षा सुमारे ४६ सेंटीमीटर उंच आलं. सावलीची तपासणी मात्र डिसेंबर मनात धरून करावी. मेच्या पूर्वार्धात भर दुपारी सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो तेव्हा कडुनिंबाची सावली त्याच्या बुडाशीच असते. डिसेंबरात ती लांब उत्तरेला पसरते. आणि प्लेटच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी दोन्ही प्लेटचं उत्पादन खाली येतं. आम्ही निंबाच्या दोन फांद्या उतरवल्या. अम्मा दिवसभर बोलल्या नाहीत.

सरकारी मदतीबद्दल बरेचजण विचारतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान आहे. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली ती अशाच छतावरच्या प्लेटमुळे. पण त्या योजनेसाठी वीजजोडणी असावी लागते, कारण तिथली वीज जाळ्यात जाते आणि जाळ्यातूनच परत येते. जाळं बंद पडलं की बॅटरी नसलेली ती प्लेटही बंद पडते. आमच्यासारख्या खांबच नसलेल्या खोलीला ती लागू नाही. उलट ज्यांच्या दारापर्यंत खांब आला आहे त्यांनी बॅटरीच्या नादी लागू नये, जोडणी घ्यावी. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याला दहा टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के हिस्सा भरावा लागतो. पण ती वीज पंपाची. काहीजण त्या पंपाच्या प्लेटवरून घरात वायर ओढायचं म्हणतात. त्या प्लेट एकामागे एक जोडून व्होल्ट शेकड्यांत गेलेले असतात. तिथे हात घालणं जिवावर बेतेल.

खर्च आम्हाला असा पडला: प्लेट १३ हजार, बॅटरी २५, कंट्रोलर साडेपाच, इन्व्हर्टर साडेचार, सांगाडा-वायर-फ्यूज-अर्थिंग सहा, पंखा तीन. एकूण ५७ हजार. भाव बदलत असतात, पण प्रमाण साधारण असंच राहतं. निम्म्याच्या जवळपास रक्कम बॅटरी खाते. दुकानात हप्त्यांची सोय होती, व्याजासकट. अम्मा म्हणाल्या, "सूदच्या उजेडात मी कुराण वाचणार नाही." मग भाभींची भिशी लागेपर्यंत थांबलो, उरलेले आम्ही घातले. त्यात सबंध हिवाळा गेला आणि पुतणीचं नववीचं वर्ष टॉर्चच्या उजेडात संपलं. तिने कुरकुर केली नाही, म्हणून आम्हालाच जास्त लागलं.

२०२५ च्या ईदनंतर, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळं बसलं. खरी परीक्षा ऑगस्टमध्ये होईल असं वाटलं होतं, ती मेमध्येच झाली. त्या वर्षी पाऊस फार लवकर आला आणि महिनाअखेरीस आकाश झाकून गेलं. कंट्रोलर दिवसभरात किती वॅट-तास आले ते दाखवतो. पुतणी रोज मगरीबला ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. ते तीन दिवस तिथे अजून आहेत: ४१०, २६०, १९०. दुसऱ्या रात्रीपासून पंखा बंद ठेवला. पावसाच्या गारव्यात तो लागलाही नसता. ओसरीचा दिवा चालू होता. तिसऱ्या रात्री अम्मांना पुन्हा धाप लागली. इनहेलर दिला, मग नेब्युलायझर लावला, तो पूर्ण दहा मिनिटं चालला. भावाने सकाळी फोन केला तो हे सांगायला नाही, फवारणीचं औषध आणायला सांगायला. नेब्युलायझरचं नंतर, बोलता बोलता सांगितलं.

देखभाल फारशी नाही. आठवड्यातून एकदा, फजरनंतर काच गार असताना, ओल्या फडक्याने प्लेट पुसायच्या. फवारणी झाली की दुसऱ्या दिवशी नक्की. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये, तडकते. मेलेली जुनी बॅटरी रानात टाकू नये, दुकानदार भंगाराच्या भावाने परत घेतो. शिसं मातीत गेलं तर विहिरीपर्यंत जातं.

भाभींचा मिक्सर अजून यादीतच आहे. तो ५०० वॅटचा. पाच मिनिटं चालला तर चाळीसेक वॅट-तास, तेवढे सहज निघतात. अडचण इन्व्हर्टरची आहे: ६०० व्हीएच्या इन्व्हर्टरला मिक्सर सुरू होतानाचा झटका झेपत नाही. मोठा इन्व्हर्टर घेतला तर फ्यूज आणि जाड वायर दोन्ही बदलावी लागेल, आणि बॅटरी एका वेळी तेवढा करंट देते का तेही बघावं लागेल. पुढची भिशी कुणाला लागते त्यावर ते आहे. तोवर चटणी पाट्यावर होते, आणि खरं सांगायचं तर अम्मांना तीच आवडते.